सोलापूरचा ऊस आणि जगाचें तेल

पावसाचा हिशेब हातीं घेऊन सोलापूर जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिलें, तर तेथें ऊस असण्याचें कांहीं एक कारण दिसत नाहीं. वर्षाकाठीं साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. जमीन काळी, कसदार, पण पाण्यासाठीं आसुसलेली. या भूमीचें खरें पीक म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी. असें असूनही या जिल्ह्यांत आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि त्यांपैकीं अनेकांच्या आवारांत मद्यार्काच्या आसवन्या उभ्या आहेत. या आसवन्यांतून निघणारा निर्जल मद्यार्क, ज्याला आतां सर्वत्र इथेनॉल म्हणतात, तो पेट्रोलांत मिसळला जातो. युरोपांतील लढाई, जिनीव्हा येथील लवाद, दिल्लीचा हुकूम आणि पॅसिफिक महासागराची उष्णता यांचा माढा-माळशिरसच्या शेतकऱ्याच्या उसाच्या बिलाशीं संबंध काय, असा प्रश्न कोणास पडल्यास त्याचें उत्तर शोधण्यासाठीं सुमारें नव्वद वर्षें मागें जावें लागतें.

भाटघरचें नवें धरण १९२८ सालीं पुरें झालें, आणि नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यानें माळशिरस तालुक्याच्या माळरानाचें रूप पालटूं लागलें. सासवडकडील माळी बागाईतदार, उसाच्या कामांत मुरलेले, या बाजूस येऊन शेती करूं लागले. त्यांचा धंदा गुऱ्हाळाचा. परंतु १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत गुळाचे भाव कोसळले, आणि पिकविलेला ऊस कोणाच्या गळीं घालावा असा पेंच पडला. त्या काळीं हिंदुस्थानांत पांढरी साखर येई ती मुख्यतः जावा बेटांतून. १९३०-३१ च्या सुमारास ही आयात वर्षाला दहा लक्ष टनांच्या घरांत होती. डच मळेवाल्यांची ती साखर इतकी स्वस्त पडे कीं येथील कारखान्यांना डोकें वर काढणें अशक्य होतें.

तेव्हां १९३२ सालीं साखर धंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटामागें ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली, वर अधिभार निराळाच. परिणाम पाहण्यासारखा झाला. १९३१-३२ मध्यें साऱ्या देशांत आधुनिक कारखाने होते ३२. पुढच्या पांच वर्षांत ते १३० च्या वर गेले. माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी हा शेतकऱ्यांनींच भांडवल घालून काढलेला कारखाना याच १९३२ सालचा. त्याच तालुक्यांत श्रीपूर येथें चंद्रशेखर आगाशे यांची बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट पुढें दोनच वर्षांत आली. म्हणजे सोलापूरची साखर ही पावसाचें अपत्य नव्हे. ती कालव्याच्या पोटीं आणि जकातीच्या छायेंत जन्मास आली. पुढचा सारा इतिहास समजण्यास एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली तरी पुरे.

साखरेबरोबर मळी आली. ही काळी, चिकट, आंबूस वासाची मळी टाकावी कोठें, हीच प्रथम कारखानदारांची विवंचना होती. तिच्यापासून मद्यार्क होतो व तो मोटारीच्या एंजिनांत जळतो हें ज्ञान जुनेंच होतें, पण त्याची गरज भासली दुसऱ्या महायुद्धांत. ब्रह्मदेश पडला, तेलवाहू जहाजांवर पाणबुड्यांची दहशत बसली, पेट्रोल शिधापत्रिकेवर गेलें, आणि लांकडी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या, पाठीस भट्टी लावून, रस्तोरस्तीं धापा टाकूं लागल्या. त्या टंचाईची आठवण ताजी असतांनाच १९४८ सालीं स्वतंत्र भारताच्या सरकारनें इंधन-मद्यार्काचा कायदा केला. विचार अगदीं आजचाच होता: पेट्रोलांत स्वदेशी मद्यार्क मिसळावा.

पण कायदा एका दिशेनें गेला आणि जग दुसऱ्या. युद्धानंतर आखाताचें तेल पाण्याच्या भावानें वाहूं लागलें, १९५४-५५ मध्यें तुर्भ्यास परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, आणि मळीचा मद्यार्क रासायनिक कारखान्यांकडे व दारूच्या भट्ट्यांकडे वळला. तो कायदा पुस्तकांत पडून राहिला व २००० सालीं रद्द झाला. त्यास वर्ष होतें न होतें तोंच, २००१ मध्यें, मिरज व मनमाड येथें पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मध्यंतरीं १९७३ चा तेलाचा भडका होऊन गेला होता. अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, किंमती चौपट झाल्या, आणि ब्राझीलनें १९७५ सालीं उसापासून मोटारीचें इंधन काढण्याची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. भारतानें तो मार्ग तेव्हां धरला नाहीं. तो धरतां येण्यासारखाही नव्हता. कारण येथें साखरच शिधापत्रिकेवर मिळत होती. सोलापुरांत त्या दशकांत घडलें तें वेगळेंच: भीमेवर उजनीचें धरण बांधून १९८० सालीं पुरें झालें.

उजनीविषयीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. या धरणांत एकूण सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं दाराखालचा, म्हणजे मृत साठा ६३ अब्जांहून अधिक, आणि उपयुक्त साठा त्याहून कमी, ५३ अब्जांच्या आसपास. म्हणून 'उजनी उणे झाली' असें सोलापूरकर म्हणतो तेव्हां धरण कोरडें पडलेलें नसतें. उपयुक्त साठा संपून मृत साठ्यास हात लागलेला असतो. याच पाण्यावर जिल्ह्याचा ऊस वाढला, कारखान्यांमागून कारखाने निघाले, सोलापूर शहराची तहान भागूं लागली, आणि पुढें दक्षिण सोलापूर तालुक्यांत राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाचें १३२० मेगावॅटचें केंद्र उभें राहिलें, त्याच्या बाष्पकांस व थंडाव्यासही हेंच पाणी आलें. ऊस, शहर आणि कोळशाची वीज, तिघांनीं एकाच घागरीस तोंड लावलें.

इथेनॉलाचें खरें पर्व उघडलें तें २०१८ च्या जैवइंधन धोरणानें. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढण्याची क्रिया कारखान्यांत तीनदां होते. तिसऱ्या खेपेनंतर उरते ती 'सी' मळी. तींत साखर थोडीच. दुसऱ्या खेपेसच थांबलें तर उरते 'बी हेवी' मळी. तींत साखर अधिक, म्हणून मद्यार्कही अधिक. आणि दाणा मुळींच न पाडतां सरळ रसापासूनही मद्यार्क काढतां येतो. नव्या धोरणानें या तिन्ही वाटा मोकळ्या केल्या, आणि सरकारनें प्रत्येकीस निराळा दर दिला. २०२२-२३ सालीं तो लिटरला अनुक्रमें ४९ रुपये ४१ पैसे, ६० रुपये ७३ पैसे आणि ६५ रुपये ६१ पैसे असा होता. जो जितकी साखर सोडील त्यास तितका अधिक दाम, असा हा सौदा होता.

सरकार इतकें उदार झालें यास कारणें तीन होतीं, आणि तिन्ही घराबाहेरचीं. देशांत साखर उतूं जात होती. ती अनुदान देऊन परदेशीं विकावी, तर ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनीं २०१९ मध्यें जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली, व डिसेंबर २०२१ मध्यें तेथील लवादानें निकाल भारताविरुद्ध दिला. भारतानें अपील केलें खरें, परंतु अपिलाचें न्यायासनच न्यायाधीशांवांचून रिकामें पडलें असल्यानें तें प्रकरण लोंबकळत राहिलें. दुसरें कारण हवामानाचें. पॅरिसच्या २०१५ च्या करारानंतर प्रत्येक राष्ट्रास आपल्या धुराचा हिशेब द्यावा लागूं लागला होता, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें ग्लासगो येथें भारतानें २०७० पर्यंत शून्यभाराचें वचन दिलें. पेट्रोलांत वीस टक्के मिश्रणाची मुदत २०३० ची होती, ती २०२५ वर ओढून आणली. तिसरें कारण तेलाचें. देशास लागणाऱ्या कच्च्या तेलांपैकीं पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि पुढल्याच महिन्यांत पिंपाचा भाव कांहीं काळ १३० डॉलरांच्या पलीकडे गेला. भारतानें मग रशियाचें सवलतीचें तेल घेण्यास आरंभ केला. युद्धापूर्वीं जें आयातीच्या दोन टक्केही नव्हतें, तें २०२३ मध्यें एक तृतीयांशाच्या वर पोंचलें. पण विक्रेता बदलला तरी परावलंबन बदललें नाहीं, हें सर्वांस दिसत होतें. जून २०२२ मध्यें दहा टक्के मिश्रण साधल्याचें जाहीर झालें, तेव्हां सोलापूरच्या कारखानदारांनीं कर्जें काढून आसवन्या बांधण्याचा सपाटा चालविला होता.

त्यांचें गणित सरळ होतें. साखर विकून पैसा येण्यास महिनोन्‌महिने लागत; तेल कंपन्यांकडून इथेनॉलाचे पैसे कांहीं आठवड्यांत मिळत, आणि शेतकऱ्याचें बिल वेळेवर चुकतें करतां येई. ज्या जिल्ह्यांत थकलेल्या उसाच्या बिलासाठीं आंदोलनें होत आलीं, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

९ सप्टेंबर २०२३ रोजीं दिल्लींत वीस राष्ट्रांच्या परिषदेच्या वेळीं, भारत, अमेरिका व ब्राझील यांच्या पुढाकारानें जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली. छायाचित्रें छापून आलीं, भाषणें झालीं. पण त्याआधींचा ऑगस्ट महिना भारताच्या हवामानखात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला होता. पॅसिफिकांत एल निनो जागा झाला होता. सोलापुरांत उभा ऊस सुकत होता, आणि कित्येक ठिकाणीं तो तोडून जनावरांस घालण्याची पाळी आली. साखर कमी पडणार, भाव चढणार, आणि पुढल्या वर्षीं लोकसभेची निवडणूक. दिल्लीनें हिशेब केला. ७ डिसेंबर २०२३ रोजीं हुकूम सुटला कीं चालू वर्षांत उसाच्या रसापासून वा पाकापासून इथेनॉल काढूं नये. गळीत हंगाम ऐन भरांत येत होता. आठवड्याभरांत, १५ डिसेंबरला, बंधन थोडें सैल करून १७ लक्ष टन साखरेपुरती मुभा देण्यांत आली. परंतु ज्यांनीं रसावर चालणारी यंत्रें बसविलीं होतीं त्यांचें कर्ज काय सतरा लक्ष टनांच्या हिशेबानें थांबणार होतें? शेतकऱ्यास द्यावयाचा रास्त व किफायतशीर दर मात्र क्विंटलला ३१५ रुपये, तो कायद्यानें बांधलेला.

या हुकुमास नुसता दोष देऊन भागणार नाहीं. अन्न आधीं कीं इंधन आधीं, या प्रश्नास दुष्काळांत दुसरें उत्तर कोणतेंही सरकार देणार नाहीं. दोष असलाच तर तो आधींच्या हिशेबांत होता. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच लिहिलें होतें कीं उसापासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें. हा आंकडा कोकणांत अंगावर येत नाहीं; सोलापुरांत येतो. मोटारीच्या नळीतून निघणारा धूर मोजला गेला, पण उजनीतून उपसलेलें पाणी आणि तें उपसणाऱ्या पंपाची, बहुतांशी कोळशावर निघणारी वीज त्या वहींत धरली गेली नाहीं.

हिशेबाची अशीच एक विसंगति सोलापूर शहराच्या वेशीवर त्याच वर्षीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्यानें उसाच्या चोथ्यावर वीज काढण्याचा प्रकल्प उभारला होता. अशा विजेस सरकारच उत्तेजन देत आलें. परंतु त्या प्रकल्पाचें सुमारें ९० मीटर उंचीचें धुराडें होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गांत येत होतें. विमान हवें कीं धुराडें, यावर शहरांत वर्षानुवर्षें वाद, मोर्चे व खटले चालले. अखेर १५ जून २०२३ रोजीं सुरुंग लावून तें पाडण्यांत आलें. कांहीं सेकंदांचें काम. शहराचा विमानांचा पक्ष खोटा नव्हता आणि सभासद शेतकऱ्यांचें दुःखही खोटें नव्हतें.

२०२४ च्या उन्हाळ्यांत उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत उतरली. जुलै-ऑगस्टांत सह्याद्रींत पाऊस झाला, धरण तुडुंब भरलें, आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजीं सरकारनें पुढील वर्षासाठीं रसावरचें बंधनही उठविलें. पण दरम्यान तेल कंपन्यांची गरज भागविण्यास धान्याच्या आसवन्या पुढें सरसावल्या होत्या. मक्याच्या इथेनॉलास सरकारनें दर चढविला, आणि जो देश मका निर्यात करीत असे त्यानें २०२४ मध्यें म्यानमार व युक्रेन येथून मका आणविला. ज्या युद्धामुळें स्वदेशी इंधनाची निकड वाढली, त्याच युद्धांतील देशाचा दाणा त्या इंधनासाठीं येथें आला. २०२५ मध्यें वीस टक्के मिश्रण साधलें तेव्हां त्यांत उसाचा वाटा निम्म्याहून बराच कमी होता.

मार्च २०२५ मध्यें केंद्र सरकारनें सहकारी साखर कारखान्यांसाठीं आणखी एक योजना जाहीर केली. मळीवर चालणारी आसवनी ज्यांस मका व तुकडा तांदूळ यांवरही चालण्याजोगी करावयाची असेल, त्यांच्या कर्जावरील व्याजाचा कांहीं भाग सरकार सोसणार आहे. सोलापूरच्या कारखान्यांपुढें आतां तो अर्ज आहे.