ऐकणारे विमान

शोधांचा इतिहास सांगताना आपण बहुधा सामर्थ्याचा इतिहास सांगतो. कोणाचा संदेश किती दूर पोहोचला, कोणाचे विमान किती उंच चढले, याचीच नोंद होते. रेडिओने चालणाऱ्या नमुना-विमानांची कथा मात्र निराळ्या वळणाची आहे. दूरवर हुकूम धाडणे हे तिच्यातले त्या मानाने सोपे काम. अवघड काम ते ऐकण्याचे: अनेक लहरींच्या गलबल्यात आपल्याच धन्याचा शब्द ओळखण्याचे, आणि तो ऐकू येईनासा झाला तर काय करावे हे ठरविण्याचे. तीन-चार किलो वजनाचे विमान हवेत बहिरे झाले म्हणजे ते खेळणे राहत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसांवर भिरकावलेला धोंडा होते.

प्रारंभ झाला तो पाण्यात. 1898 साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी एक लहानशी होडी लोकांना दाखविली. तिचा कान म्हणजे धातूचा कीस भरलेली एक नळी. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. नळी हलविली की तो पुन्हा मोकळा होई. पण अशा कानाला आपले-परके कळत नाही. कोठेही मोठी ठिणगी उडाली की तो तिलाही 'ओ' देणार! टेस्लाने हे ओळखले होते. दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्राने हलावे, अशी योजना त्याने सुचविली व तिची पेटंटे 1903 मध्ये त्याला मिळाली. दाराला एका कुलपाऐवजी दोन कुलपे लावावीत, तसाच हा विचार.

हवेतील कथा अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी रंगली. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली 'गफ' नावाचे विमान रेडिओने उडविले, आणि 1938 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

त्या काळातील साध्या ग्राहकयंत्रात बहुधा एकच नळी असे. तिच्या इशाऱ्याने पीळ दिलेल्या रबराचा खटका सुटे व सुकाणू वळे. पहिल्या इशाऱ्याला उजवीकडे, तो थांबला की सरळ, पुढच्याला डावीकडे, असा क्रम ठरलेला असे. आता विचार करा, यांपैकी एकच इशारा वाटेत हरवला, किंवा एखादी परकी खरखर इशारा म्हणून ऐकली गेली, तर? चालविणारा 'डावीकडे' म्हणणार आणि विमान उजवीकडे जाणार. शिवाय ही स्वस्त ग्राहकयंत्रे इतकी भोळी, की शेजारच्या प्रक्षेपकाचे बोलणेही ती आपलेच समजत. म्हणून मैदानात एका वेळी एकानेच उडवायचे, बाकीच्यांनी वाट पाहायची.

पुढे स्फटिकाने कंपनसंख्या पक्की करणारी, अधिक चोखंदळ यंत्रे आली. 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या वाटा ठरल्या. तरी एका वाटेवर दोघे आले तर अपघात ठरलेलाच. त्यावरचा उपाय यंत्रात नव्हता, माणसांच्या वागणुकीत होता. मैदानावर एक फळा असे व त्यावर वाटेवाटेचे चिमटे. ज्याच्या हाती चिमटा, त्यानेच प्रक्षेपक सुरू करावा. यंत्राची उणीव शेजारधर्माने भरून निघाली, आणि एकाच्या बेपर्वाईने दुसऱ्याची कित्येक महिन्यांची मेहनत मातीस मिळू शकते हे पोराटोरांनाही कळले.

2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झची यंत्रे बाजारात आली आणि तो फळा हळूहळू अडगळीत गेला. प्रत्येक प्रक्षेपकाला स्वतःचा खुणेचा क्रमांक मिळाला. तो जुळल्यावाचून ग्राहक हुकूम मानीत नाही. त्यांपैकी कित्येक यंत्रे क्षणोक्षणी वाट बदलतात. वाट बदलण्याच्या या कल्पनेचे एक पेटंट अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी 1942 साली पाणतीरांसाठी घेतले होते. पियानोच्या 88 पट्ट्यांइतक्याच 88 कंपनसंख्या त्यांनी योजल्या होत्या. दोन कुलपांचा टेस्लाचा विचार अशा रीतीने शतकानंतर घरोघरच्या हौसेत उतरला.

तरीही मौन कधीतरी पडणारच. म्हणून ग्राहकाला आधीच शिकवून ठेवावे लागते: शब्द तुटला तर इंजिन मंद कर, ठरलेल्या स्थितीत राहा. 2003 च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल यांच्या चमूने न्यूफाउंडलंडहून सोडलेले नमुना-विमान सुमारे 39 तासांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. उड्डाणाला व उतरण्याला माणसाचा हात होता. मधल्या महासागरावर मात्र हुकमाची वाट न पाहता ते उपग्रहांच्या खुणांवरून स्वतःच मार्ग काढीत गेले.

तात्पर्य, विश्वास हा मोठ्या आवाजाने उत्पन्न होत नाही. संबंध केव्हातरी तुटेल हे मान्य करून, त्या क्षणाची तरतूद ज्याने आधी केली, त्याच्याच हाती आकाश सोपवावे.