वऱ्हाडचे १८९७ साल

आपल्या मंडळाच्या सभेत एखादी भगिनी ठराव मांडते, दुसरी अनुमोदन देते आणि चिटणीसबाई तो वहीत उतरवून घेतात. याच रीतीने चाललेली एक मोठी सभा सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या वलगावापासून तीन-चार कोसांवर भरली होती. डिसेंबर १८९७ च्या अखेरच्या आठवड्यात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, तेरावे अधिवेशन अमरावतीस झाले. मंडळाच्या वर्धापनदिनी त्या सालाची आठवण करावी असे वाटले, म्हणून हे चार शब्द.

ते साल काही सुखाचे नव्हते. १८९६ चा पाऊस लवकर उघडला होता. नागपूर-जबलपूरकडच्या मानाने वऱ्हाडात हाल कमी झाले, तरी ज्वारी महागली आणि हातावर पोट असणाऱ्यांची चूल मंदावली. मुंबई-पुण्यास प्लेगने थैमान घातले होते. २२ जूनला राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा उत्सव झाला आणि त्याच रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग धरपकड सुरू झाली. नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध केले. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मोठमोठी माणसेही त्या दिवसांत जपून बोलत.

अशा वेळी अमरावतीने देशाच्या पाहुण्यांना दार उघडले. वऱ्हाड तर तेव्हा कागदोपत्री इंग्रजांचेही नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाने ते त्यांच्या हाती सोपवले होते आणि हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमतीखाली येथला कारभार चाले. कोणत्याही कायदेमंडळात वऱ्हाडचा माणूस नव्हता. स्वागत समितीचे अध्यक्ष झाले अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे. ते टिळकांचे जिवलग स्नेही, आणि स्नेही तुरुंगात असता त्यांनी हे यजमानपद पत्करले. बडनेऱ्याची आगगाडी होतीच. देशभरातून ६९२ प्रतिनिधी आले.

टिळकांविषयी स्वतंत्र ठराव झाला नाही. ठराव झाला तो चौकशीवाचून माणसे अडकवून ठेवण्याविरुद्ध, नातू बंधूंच्या निमित्ताने. परंतु त्यावर बोलताना बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी टिळकांचे नाव घेतलेच आणि त्यांच्यासाठी सारे राष्ट्र अश्रू ढाळीत आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. ठरावात जे मावले नाही, ते भाषणात आले.

अध्यक्षस्थानी होते मलबारचे चेट्टूर शंकरन नायर. वय अवघे चाळीस. पुढे १९१९ मध्ये पंजाबातील अत्याचारांनंतर व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा देणारे तेच हे गृहस्थ. त्यांच्या भाषणातील एक गोष्ट आपण बायकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समाजातील भिंती पाडणे, खालच्या थरांपर्यंत शिक्षण पोहोचवणे आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचा दर्जा देणे ही कामे त्यांनी एका दमात सांगितली, आणि त्यांसाठी कोणत्याही धर्माचा पक्ष न घेणारे, उदार विचाराचे सरकार हवे असे म्हटले. हे उच्चारले गेले १८९७ साली, आपल्या अमरावतीत!

डिसेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस. तिकडे मंडपात बरोबरीची भाषा चालली असताना इकडे पेढीकाठच्या वावरांतून कमरेला ओटी बांधून बोंडे वेचणाऱ्या बायकांच्या कानी ती कशी पडावी? त्या काळी वऱ्हाडात शंभरांत एक स्त्रीही साक्षर नव्हती. दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये २७,५४,०१६ वर उतरली. ज्यांच्या बरोबरीची गोष्ट निघाली होती, त्यांच्यापैकी कितीतरी जणी ती न ऐकताच गेल्या असतील.

पण बोललेला शब्द वाया जात नाही. १९१७ मध्ये ॲनी बेझंट आणि १९२५ मध्ये सरोजिनी नायडू त्याच राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षा झाल्या. आणि आज आपण, त्या वेचणाऱ्या बायकांच्या नाती-पणत्या, आपली सभा आपणच भरवतो, आपलाच ठराव आपल्या हाताने लिहितो.

म्हणून पुढच्या सभेत एखादी नवी सून मागे बसून गप्प असेल, तर तिला पुढे बोलवावे. तिचे म्हणणे ठरावात मावले नाही तरी ऐकून घ्यावे.