पुण्यातील जर्मन : आपल्याविषयी लिहिलेले वाचणार कोण?

१/ लोणी काळभोरहून सासवडमार्गे जेजुरी फार दूर नाही. आमचे कुलदैवत तेथलेच. तरीही खंडोबा, म्हसकोबा आणि बिरोबा यांच्यावरील एक महत्त्वाचा संशोधनग्रंथ मी प्रथम उघडला, तेव्हा त्यातील एक वाक्यही मला वाचता आले नाही. ग्रंथ जर्मन होता. लेखक गुंथर सोन्थायमर, हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक. प्रकाशनवर्ष १९७६.

२/ त्याचा इंग्रजी अनुवाद अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केला. तो १९८९ मध्ये आला. म्हणजे पुरंदर-बारामतीच्या माळावरील धनगरांच्या दैवतांचा हा इतिहास तेरा वर्षे जर्मन जाणणाऱ्यांपुरताच उपलब्ध होता. म्हणून आजचा विषय : पुण्यात जर्मन कशी रुजली आणि विद्यापीठातील जर्मनचा प्राध्यापक नेमके काय करतो?

३/ आरंभ संस्कृतपासून होतो. १८५९ मध्ये मार्टिन हाउग पूना कॉलेजात संस्कृत शिकवण्यासाठी आले. त्यांच्यानंतर १८६६ मध्ये फ्रान्त्स कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात रुजू झाले. कीलहॉर्न पुण्यात अनंतशास्त्री पेंढरकर यांच्याकडे व्याकरण शिकले आणि पुढे पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांतील आवृत्ती सिद्ध केली. शिकवायला आलेला प्राध्यापक येथे शिष्यही झाला, हे विसरू नये.

४/ मग प्रवासाची दिशा उलटली. १८८५ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने रा. गो. भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पां. दा. गुणे लाइपझिगला गेले, वि. सी. सुकथनकर बर्लिनला, रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला. संस्कृताचा अभ्यास करायचा तर जर्मन यायलाच हवी, अशी त्या काळाची स्थिती होती.

५/ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण घ्या. १८९७ च्या पॅरिस परिषदेत विंटरनित्स यांनी या कामाचा आग्रह धरला. १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी नमुना छापला. पहिल्या महायुद्धाने युरोपातील योजना मोडली. १९१९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते कार्य हाती घेतले आणि १९२५ मध्ये ल्यूडर्स यांचेच शिष्य सुकथनकर प्रमुख संपादक झाले. १९६६ मध्ये महाभारत पूर्ण झाले.

६/ मात्र जर्मन गुरूकडे शिकणे म्हणजे त्याचे मत स्वीकारणे नव्हे. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवटीच्या असममितीवर संशोधन केले. वंशानुसार त्यात भेद आढळावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. फिशर पुढे नाझी वंशधोरणाचे समर्थक ठरले.

७/ या साऱ्यांसाठी जर्मन हे साधन होते. तो स्वतंत्र विषय झाला, तेव्हा वेगळा प्राध्यापक जन्माला आला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील त्याच्या परकीय भाषा विभागात पुणेकरांच्या कित्येक पिढ्या जर्मन शिकल्या.

८/ या प्राध्यापकाचा निम्मा दिवस ‘देअर, डी, दास’मध्ये जातो. उरलेल्या वेळात तो निराळे प्रश्न विचारतो. गेओर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये विल्यम जोन्स यांच्या इंग्रजीवरून शाकुंतल जर्मनमध्ये नेले. ते वाचून गटे एवढा का भारावला? श्लेगेलने १८०८ मध्ये भारतीयांच्या भाषेवर आणि ज्ञानावर ग्रंथ लिहिला, त्यातला भारत खरा किती आणि कल्पिलेला किती? कीलहॉर्न आपले ग्रंथ वाचत होते. हा प्राध्यापक कीलहॉर्नच्या समाजाला वाचतो.

९/ या विद्येतून नवा विचारही निघतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील जर्मनचे प्राध्यापक अनिल भट्टी यांनी डोरोथे किमिश यांच्यासह २०१५ मध्ये ‘साम्य’ या संकल्पनेवर जर्मन ग्रंथ संपादित केला. संस्कृतींमधील भेदच मोजत बसण्याऐवजी साम्याच्या अंगानेही पाहावे, हा त्याचा गाभा.

१०/ आता वर्तमान. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि १०,००० तरुणांना जर्मन शिकवण्याची योजना आखली. दांडेकरांचे हायडेलबर्ग याच राज्यात आहे. मी ज्या वर्गात जर्मन शिकते, तेथे माझ्या शेजारी परिचारिका आणि वेल्डर बसतात. त्यांची चिकाटी माझ्याहून मोठी आहे. त्यांच्या पोटापाण्याच्या जर्मनला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

११/ चिंता दुसरीच आहे. परीक्षेपुरती जर्मन वाढत जाईल आणि साहित्य-इतिहासाचे वर्ग ओस पडतील, तर आपल्याविषयी जर्मनमध्ये जे लिहिले गेले, ते तपासणार कोण? त्यातील चूक दाखवणार कोण? इरावतीबाईंनी आपले निष्कर्ष मांडले, कारण प्रतिपक्षाची भाषा त्यांना अवगत होती.

१२/ मी इतिहासाची विद्यार्थिनी. जर्मनची प्राध्यापक होणार नाही. पण सोन्थायमरांचा ग्रंथ सध्या मुळातून वाचते आहे. कोश मांडीवर, वेग दिवसाला दोन पाने. परवा एका वाक्यात क्रियापद शोधत शेवटापर्यंत गेले आणि तेथे जेजुरी भेटली.

धागा समाप्त. आपल्या गावाविषयी परभाषेत लिहिलेला एखादा ग्रंथ ठाऊक असल्यास खाली अवश्य सांगावा.