फाटलेली सीट : ठिगळ लावायचं की कव्हर बदलायचं?

कंग्राळी : रिक्षा, वडाप, सलून, चहाचं हॉटेल, सीट फाटली की मालक आधी रेक्झिनचा तुकडा चिकटवून मोकळा होतो. बेळगावला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्दमध्येही हेच. पण मूळ दुखणं बहुतेकदा खालच्या फोममध्ये असतं. फोम बसला की रेक्झिन सैल पडतं आणि घडीवरच चीर जाते. सीट मधोमध अंगठ्याने दाबून बघावी. फळी लगेच लागली तर फोमच बदलावा.

आजचं रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं, मग ते कडक होऊन तडकतं. तिथे ठिगळ टिकत नाही, शेजारीच नवी चीर पडते. रेक्झिन मऊ असून फक्त शिवण उसवली असेल, तर नायलॉन दोऱ्याने शिवून घेतलं तरी भागतं. सुती दोरा ओलीने कुजतो.

पावसाळ्यात शिवणीतून पाणी आत जातं, प्लायवूड फुगतं, पिना सुटतात. ओल्या फोमवर नवं कव्हर मारणं म्हणजे पैसे पाण्यातच.

कुशनवाला 'चांगला फोम' म्हणतो, त्याला माप नाही. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 40 किलो वजन. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, तो हाताने दाबूनच बघावा. डेन्सिटी आणि जाडी मात्र बिलावर लिहून घ्यावी, नंतर वाद नको.