साऱ्याची सूट आणि भूमीची राखण

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत, बालाघाटाच्या मुलखांत, नांदूरघाट नांवाचें एक गांव आहे. मराठवाड्याबाहेरील श्रोत्यांपैकीं फार थोड्यांनीं तें नांव ऐकलें असेल. आणि आज तें घेण्याचें कारणहि तेथील एखादा किल्ला किंवा लढाई नव्हे. या मुलखांत श्रावणांत एखाद्या शिवारांत उभें राहिलें, तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. पावसाचें पाणी उतारावरची माती बरोबर घेऊन ओढ्याला मिळतें, ओढा पाहतां पाहतां गढूळ होऊन वाहून जातो, आणि फाल्गुन उजाडतो न उजाडतो तोंच त्याच शिवारांतल्या विहिरी तळ दाखवूं लागतात. जिल्ह्यांतील पाऊस सरासरीनें साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोहि बेभरंवशाचा. दसरा-दिवाळी उलटली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात.

आतां प्रश्न असा कीं, ज्या उतारावर बांध हवा तो उतार कोणाच्या तरी मालकीचा आहे. ज्या ओढ्याच्या कांठीं झाडें हवींत तो कांठहि कोणाच्या तरी सातबाऱ्यांत आहे. त्यानें तेवढी जागा न नांगरतां राखली तर पाणी मुरेल तें खालच्या दहा जणांच्या विहिरींत. पिकाचें नुकसान मात्र त्या एकट्याचें. सर्वांच्या हितासाठीं एकानें सोसावें, तर त्या एकाला समाजानें काय द्यावें?

अमेरिकेंत या प्रश्नाला एक उत्तर शोधण्यांत आलें आहे. जमिनीचा मालक लिहून देतो कीं, या रानांत मी किंवा माझे वारस कधीं इमारती उठविणार नाहींत, झाडें तोडणार नाहीं, पाणथळ बुजविणार नाहीं. जमीन त्याचीच राहते. ती विकली तरी बंधन तिच्याबरोबर जातें. मोबदला म्हणून त्याला करांत सूट मिळते. विल्यम व्हाइट या लेखकानें १९५९ सालीं या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि १९७६ सालच्या कायद्यानें आयकरांतील सूट स्पष्टपणें मान्य झाली. पुढें कांहीं धनिकांनीं जमिनींच्या किंमती फुगवून त्या सुटीचा असा कांहीं व्यापार मांडला, कीं २०२२ अखेर तेथील विधिमंडळाला त्यावर नवे निर्बंध घालावे लागले. कर सोडून भूमि राखण्याचा हा व्यवहार आपल्याला परका वाटण्याचें कारण नाहीं. त्याचें मूळ आपल्याच दप्तरांत आहे, आणि त्याचे धोकेहि तेथेंच नमूद आहेत.

‘इनाम’ म्हटलें कीं आज आपल्याला बक्षीस आठवतें. दप्तराच्या भाषेंत मात्र इनाम म्हणजे जिचा सारा सरकारनें सोडला ती जमीन. नांदूरघाटाहून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईच्या परिसरांत तेराव्या शतकांतील यादवकालीन शिलालेख सांपडले आहेत. त्या काळच्या दानलेखांत ‘सर्वनमस्य’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ सर्व करांतून मुक्त. अशीं बहुतेक दानें देवालयांना आणि ब्राह्मणांना असत, हें खरें. परंतु त्यांच्याच शेजारीं दुसरी एक परंपरा वाढली. कर्नाटकांत जो तळें बांधी किंवा दुरुस्त करी त्याला त्या तळ्याखालची कांहीं जमीन साराहीन किंवा अल्प साऱ्यानें मिळे. तिला कट्टुकोडगे म्हणत. तेलुगु मुलखांत याच जातीचा व्यवहार दशबंध या नांवानें चाले; दहावा हिस्सा सोडण्याची कल्पना त्या नांवांतच आहे. आपल्या चांद्याच्या गोंड राजांविषयीं परंपरा अशी सांगते कीं, जो तळें बांधील त्याला त्या तळ्यानें भिजेल तेवढी जमीन मिळे. अशा देणगीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपुरांत हें नांव एका वस्तीच्या रूपानें अजून टिकून आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागांतील हजारों तळीं कोहळी शेतकऱ्यांनीं आणि पुढें मालगुजारांनीं उभारलीं व सांभाळलीं, तीं अशाच आश्रयाखालीं.

मराठी राज्यांत पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या वर्षीं सारा अगदीं थोडा, पुढें वर्षागणिक चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिद्ध झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर आरमाराच्या लांकडाविषयीं लिहितांना रयतेच्या आंब्या-फणसांना हात न लावण्याची ताकीद आहे. झाड वर्षांनुवर्षें जोपासावें लागतें, म्हणून जीर्ण झालेलें झाड घ्यावयाचें तेंहि धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, असा त्याचा आशय. खाजगी मालकीच्या झाडांत सार्वजनिक हित आहे, आणि म्हणूनच मालकाचा मोबदलाहि आहे, हें तत्त्व त्या काळीं अपरिचित नव्हतें.

तळें बांधण्याबद्दलच्या या इनामांत आणि साध्या दानांत मोठा फरक आहे. देवाला किंवा विद्वानाला दिलेलें दान एकदां दिलें, कीं दिलें. तळ्याचें इनाम मात्र दर साल नव्यानें मिळवावें लागे. सूट वार्षिक, तशी अटहि वार्षिक. पाळ राखावयाची, गाळ उपसावयाचा, सांडव्याची डागडुजी करावयाची. काम सोडलें, तर सरकारला सारा पुन्हां बसविण्याचा अधिकार. बीड शहराजवळच्या खजिना विहिरीसारखें सोळाव्या शतकांतील निजामशाही काळचें काम पाहून आपण थक्क होतों. पण विहीर एकदां बांधतां येते, नहर मात्र दर वर्षीं साफ करावा लागतो. बांधणाऱ्या सरदाराचें नांव इतिहासांत राहतें. गाळ काढणाऱ्याचें राहत नाहीं. त्याच्यासाठीं राहत असे ती ही साऱ्याची सूट.

येथवर ऐकून कोणाला वाटेल कीं, जुनी इनामें परत आणलीं कीं झालें. तसें वाटूं नये, म्हणून नाण्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सूट ज्या सेवेबद्दल मिळे ती सेवा बहुधा जन्मानें ठरलेली असे. गांवकामगार महाराला वतनाचा तुटपुंजा तुकडा मिळे, आणि त्याच्या बदल्यांत रात्रंदिवस केव्हांहि, कोणत्याहि कामाला, घरांतल्या कोणालाहि हजर करण्याचा सरकारचा आणि गांवाचा दावा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारें विधेयक आणलें, तें हें जोखड काढण्यासाठींच. जमीन राखण्याची अट जमिनीला बांधली तर ती शिस्त होते. ती माणसाच्या जन्माला बांधली तर तिची गुलामगिरी होते.

म्हणून वतनें आणि इनामें गेलीं तें योग्यच झालें. मराठवाड्यांत निजामी अंमल १९४८ सालीं संपला, १९४९ सालीं जहागिऱ्या गेल्या, आणि १९५४ च्या हैदराबाद कायद्यानें इनामें रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. या कायद्यांतील एक बारकावा मात्र लक्षांत ठेवण्यासारखा आहे. धर्मादाय इनामांप्रमाणेंच गांवाच्या उपयोगी पडणाऱ्या चाकरीचीं इनामेंहि त्यानें आरंभीं वगळलीं, आणि त्यांत ‘नीरडी’ हें नांव स्पष्टपणें घातलें. नीरडी म्हणजे तळ्याचें पाणी शेतोशेतीं वांटणारा. जुनी व्यवस्था मोडतांना कायदा करणाऱ्यांचा हात पाण्याच्या राखणदारापाशीं क्षणभर थबकला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विदर्भांत असा थबकण्याचा प्रसंग आला नाहीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तळीं सरकारजमा झालीं. मालगुजाराचा अन्याय गेला. परंतु त्याच्याबरोबर दर उन्हाळ्यांत पाळीवर माती टाकणारी व्यवस्थाहि गेली. सरकारनें पाणीपट्टी मागितली, शेतकऱ्यांनीं आपला जुना हक्क सांगितला, आणि या ओढाताणींत अनेक तळीं गाळानें भरलीं. हक्क रद्द करतांना त्याला जोडलेलें कर्तव्य कोणाच्या गळ्यांत घालावयाचें, हें कोणी ठरविलेंच नाहीं.

आज स्थिति काय आहे? शेतीचें उत्पन्न १८८६ च्या कायद्यापासून आयकरांतून मुक्त आहे. जमीनमहसुलाची रक्कम तर इतकी क्षुल्लक झाली आहे, कीं ती सोडली काय किंवा घेतली काय, शेतकऱ्याच्या संसारांत फरक पडत नाहीं. सूट मिळते ती पैसेवारी पन्नासांच्या खालीं आली, म्हणजे पीक बुडालें तर. पूर्वींची सूट पाणी अडविणाऱ्याला होती. आतांची पाणी न मिळालेल्याला आहे. दुष्काळांतली मदत द्यावीच लागते. पण तिनें पुढच्या वर्षींचा दुष्काळ हटत नाहीं. शेततळ्याला अनुदान मिळतें, तें खोदण्याबद्दल एकदां. पुढें दहा वर्षें तें भरलें कशानें, हें विचारणारें कोणी नाहीं.

कायद्यांत वाव नाहीं असें नाहीं, पण तो अपुरा आहे. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा एका शेताला दुसऱ्या शेतावर वाटेचा किंवा पाटाचा हक्क देतो. परंतु त्या हक्काला लाभ घेणारें दुसरें शेत लागतें. ओढ्याचा, पांखरांचा किंवा सबंध गांवाचा हक्क त्यांत बसत नाहीं. वन्यजीव कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें खाजगी किंवा सामुदायिक जमीन मालकांच्या इच्छेनें राखीव करण्याची सोय झाली. पण राखणाऱ्याला दर वर्षीं करांत सवलत देण्याची तरतूद त्या कलमांत नाहीं. दुसरीकडे गायरानें आहेत. त्यांचें रक्षण करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. पण १९५९ सालीं दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांनीं सत्याग्रह केला तो अशाच पडीक व गायरान जमिनींसाठीं, हेंहि विसरूं नये. ज्याच्याजवळ वीतभर जमीन नाहीं, त्याच्याच वांट्याचें गवत आणि सरपण काढून घेऊन भूमीची राखण होऊं लागली, तर जुनें वतन नव्या नांवानें परत आल्यासारखें होईल.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. त्यांत सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो, विहिरींतला भावाचा हिस्सा असतो, क्वचित् शेजाऱ्याची वाट असते. त्याच रकान्यांत मालकाच्या राजीखुशीनें लिहितां यावें कीं, या गटांतील ओढ्याकांठची अमुक गुंठे जागा नांगरली जाणार नाहीं. आणि तलाठ्यानें व ग्रामसभेनें दर वैशाखांत ती पाहून खात्री केली, तर मालकाला ठरलेली रक्कम मिळावी. साऱ्याची सूट आतां निरुपयोगी आहे, म्हणून ती रोख मिळावी. आणि राखणीच्या कामाची मजुरी गांवांतल्या भूमिहीनाला मिळावी. अट मोडली, तर रक्कम बंद. जुन्या दशबंधांत होतें तें सर्व यांत आलें. जन्माचें बंधन तेवढें गळलें.

हा खर्च शहरांत राहणाऱ्या आपणां सर्वांच्या करांतून होईल, हें उघड आहे. तो जड वाटेल तेव्हां कार्तिकांत नांदूरघाटाकडून निघणाऱ्या एखाद्या मालमोटारींत डोकावून पाहावें. भांडीं, पांघरुणें, एखादी शेळी, आणि शाळेंतून नांव न काढतां निघालेलीं दोन मुलें. वरच्या उतारावर पाणी मुरलें असतें, तर त्यांतलें निदान एखादें कुटुंब त्या वर्षीं घरीं राहिलें असतें.