मांद्रेची सूर आणि कायदा

फिक्या यवापासून काढलेली सोनेरी ‘एल’ ही तशी अलीकडची वस्तू. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात, विव्हेलिस्कोम या आडगावी, 1986 साली एका लहान कारखान्याने ती प्रथम काढली असे बहुधा मानले जाते. आमच्या डिचोली महालातही, लाटंबार्से गावी, आता असा एक कारखाना आहे. 2020 साली त्याची बिअर बाजारात आली. तीत मध घातलेली एलही आहे, आणि नाव ‘माका दी’ असे अस्सल कोंकणी! या नावाचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु यव आमच्या मातीत पिकत नाही. या मातीची स्वतःची एल कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही पेडणे महालातील मांद्रेच्या माडांकडे बोट दाखवू.

यवाला मोड आणावे लागतात, तेव्हा कोठे त्यातल्या पिठाची साखर होते. माडाचा रस मुळातच गोड. पोय बांधून तिचे टोक कातीने दिवसातून तीनदा सोलावे, सकाळ-संध्याकाळ मडक्यातला रस उतरावा. हवेतले व मडक्यातले किण्वच तो आंबविते आणि काही तासांत त्याची सूर होते. तिचा मद्यांश साधारण बिअरइतकाच. पेडण्यातला भंडारी काय किंवा इतरत्रचा रेंदेर काय, हे शास्त्र तो पुस्तकावाचून जाणतो.

या धंद्यावर खरी कुऱ्हाड घातली ती कायद्याने. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याच्या राजवटीत कर बसे तो मुख्यतः झाडावर. रस उतरो वा आटो, माडामागे पैसा मोजावाच लागे. त्याच वर्षी इंग्रज-पोर्तुगीज तह झाला, आणि 1880 पासून 1892 पर्यंत त्याच धर्तीची अबकारी गोव्यावरही आली. तहाची चर्चा निघाली की आमचे लेखक मीठ आणि मुरगावची रेल्वे यांवर पाने खर्चितात. माडावर चढणाऱ्याची आठवण क्वचितच होते.

पेडणे हा 1788 पर्यंत सावंतवाडीकरांचा मुलूख. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर माड तोच, चढणारा बहुधा एकाच कुळीचा. पण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पलीकडे परवान्यावाचून माड छेदणे हा गुन्हा ठरला, आणि अलीकडे तीच रोजची मजुरी राहिली. वकिली व्यवसायात आम्ही पुष्कळ सीमा पाहिल्या. इतकी विचित्र सीमा पाहिली नाही.

पुढचा प्रकार तर आणखी मौजेचा. 2016 साली गोव्याच्या विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्यातून माडच वगळला. त्या वेळचा वाद पेटला होता तो सांगे तालुक्यातील एका मद्यप्रकल्पाच्या जागेवरील माडांवरून! लोकक्षोभानंतर 2017 साली माड पुन्हा ‘वृक्ष’ झाला. दरम्यान 2009 सालीच भौगोलिक मानांकन मिळाले होते ते काजूच्या फेणीला, म्हणजे ब्राझीलहून आलेल्या पाहुण्या झाडाला.

झाड वाचले खरे, पण त्यावर चढणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत. सुरेने पाव आणि सान्नां फुगवीत, तिचा शिर्का करीत, गूळ आटवीत. आता पोदेराच्या पिठात सुरेच्या जागी पुडीतले यीस्ट पडते.