शरीराची साक्ष

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले की लाकडी जिने, ऐसपैस ओट्या आणि कोपऱ्यावरचा क्रूस दिसतो. येथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळला घरी वाइन करण्याची जुनी चाल. १९५० च्या एप्रिलात मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि अशा घरांतल्या बरणीकडेही कायद्याची नजर वळली. पण बरणी सापडणे सोपे. पोटात गेलेली दारू कशी सापडावी? तोंडाचा वास घ्यायचा, डोळे पाहायचे, रेघेवरून चालवायचे. झाली परीक्षा!

अडचण एवढीच, की वास दारूचा की औषधाचा हे नाकाला कळत नाही. बालसारा खटल्यात २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे बंदीतून सोडवली. त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी, रात्री साडेनवाच्या सुमारास, कुलाब्याकडे निघालेल्या एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, खुद्द वाहतूक खात्याचे अधिकारी! डॉक्टरांना तोंडाला वास आला, डोळे लालसर दिसले. पण बोलणे सुसंगत, चाल सरळ. साहेब म्हणाले, जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने महिन्याची सक्तमजुरी दिली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पोटातला मद्यार्क बंदीतलाच होता हे सरकारने सिद्ध करावे, असा निर्णयाचा मथितार्थ.

निर्णय मला न्याय्य वाटतो. पण त्याबरोबर टॉनिकच्या बाटलीला साक्षीदाराचा मान मिळाला, हेही खरे. (माझ्या वर्गातली मुले गृहपाठ राहिला की आईची चिठ्ठी आणतात. अक्षर आईचे की थोरल्या बहिणीचे, हे कोणी सांगावे?)

सरकारने १९५९ मध्ये कायदा बदलला. रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क निघाला, की तो औषधातला होता हे आरोपीनेच सिद्ध करायचे. नियमही मोठे काटेकोर झाले. पिचकारी पाण्यात उकळायची, निदान पाच सी. सी. रक्त घ्यायचे, कुपीवर लाखेची मोहोर करायची. सुई टोचताना कातडी पुसायलासुद्धा स्पिरिट वापरायचे नाही. नाहीतर दारू डॉक्टरांच्या बोळ्यातलीच निघायची! नाकापेक्षा रक्त खरे बोलते, हे मान्य. परंतु सिद्ध करण्याचे ओझे सरकारच्या खांद्यावरून आरोपीच्या खांद्यावर आले. साहेबाला ते वकिलांच्या मदतीने पेलते. गिरणीतल्या कामगाराने काय करावे?

रक्तासाठी डॉक्टर लागतो, लघवीसाठी नुसती कुपी. १९८६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी नोकरांना अमली पदार्थांची मनाई केली आणि कुप्यांचे युग सुरू झाले. तोतया कुपी मात्र त्याआधीच निघाली होती. १९७८ च्या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत बेल्जियमचा पोलेंटिये काखेत दुसऱ्याच्या लघवीचा रबरी फुगा आणि नळी लपवून आला, पकडला गेला आणि पिवळ्या जर्सीसकट घरी गेला. पुढे दुसऱ्याची तरी कशाला हवी? लघवीतला युरिया जर्मन रसायनज्ञ व्होलर याने १८२८ मध्येच प्रयोगशाळेत बनवला होता. पाण्यात युरिया, क्षार आणि क्रिएटिनिन मिसळून प्रयोगशाळा आपली उपकरणे तपासण्यासाठी जो द्रव करीत, तोच गरम पिशवीत भरून बाजारात आला. म्हणून तिकडे कुपी हाती येताच चार मिनिटांत उष्णता पाहतात. ती ३२ ते ३८ अंशांत हवी.

आपल्याकडे ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिकांची अशी लघवी-तपासणी सुरू झाली. दरवर्षी दहा टक्के लोक, अचानक निवडून. पहिल्या चाचणीत संशय आला, की पक्का निकाल येईपर्यंत माणूस कामावरून दूर. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतले, तरी अफूची खूण लघवीत उमटू शकते. अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी शोधून पुढे करण्याची पाळी त्या वैमानिकावरच येते.